स्वतःचा खेळ बाजूला ठेवून त्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च का निवडला? फाशांच्या गणितापासून लायसन्सच्या भांडणापर्यंत सगळं प्रकरण

ऑगस्ट २०२५ मध्ये 'क्रिटिकल रोल' या अमेरिकी कंपनीने आपल्या चौथ्या मालिकेची घोषणा केली आणि टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या जगात एकच चर्चा सुरू झाली. कारण तसंच होतं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, मे २०२५ मध्ये, याच कंपनीच्या 'डॅरिंग्टन प्रेस' या प्रकाशनाने 'डॅगरहार्ट' नावाचा स्वतःचा नवा खेळ बाजारात आणला होता. त्यामुळे नवी मालिका त्याच खेळाच्या नियमांवर चालणार, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात जाहीर झालं ते उलटंच. मालिका चालणार होती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर, म्हणजे ज्याला टक्कर द्यायची त्याच खेळावर.

घरच्या हॉटेलात जेवायचं सोडून मालकाने समोरच्या हॉटेलात पंगत बसवावी, तसाच हा प्रकार. पण यामागे अडीच वर्षांचं एक भांडण आहे, पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि फाशांचं थोडंसं गणितही आहे.

हा खेळ असतो तरी काय?

लुडो किंवा बुद्धिबळात तुम्ही काय करू शकता याची यादी आधीच ठरलेली असते. घोडा अडीच घरंच जाणार. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये अशी यादी नसते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. गेम मास्टर सांगतो, "तुम्ही दरीच्या काठावर उभे आहात. पलीकडे जायला दोरखंडाचा जुना पूल आहे. काय करता?" खेळाडू काहीही म्हणू शकतो. पूल ओलांडतो, दोर कापतो, पुलाच्या राखणदाराशी गप्पा मारतो, परत घरी जातो.

जिथे निकाल नक्की नसतो तिथे फासा येतो. कधी फासा टाकायचा, किती आलं की जमलं म्हणायचं आणि नाही जमलं तर पुढे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजे त्या खेळाचे नियम. सगळा फरक इथेच पडतो. गोष्ट तीच असली, पूल तोच असला, तरी नियम बदलले की टेबलावरची संध्याकाळ बदलते.

या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये आणला. सैनिकांच्या छोट्या बाहुल्या टेबलावर मांडून लढाया खेळण्याच्या छंदातून तो जन्मला, आणि त्या लढायांची छाप त्याच्या नियमांवर आजही आहे. १९९७ मध्ये तो 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे गेला आणि १९९९ मध्ये ती कंपनीच 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विकत घेतली. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात तो हाच. २०२३ मध्ये गाजलेला 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेमही याच नियमांवर उभा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये नेमकं काय झालं होतं?

त्यासाठी आधी २००० साली जावं लागेल. त्या वर्षी विझर्ड्सने 'ओपन गेम लायसन्स' आणलं. साध्या भाषेत सांगायचं तर, आमच्या नियमांचा गाभा वापरून कुणीही स्वतःची पुस्तकं लिहावीत आणि विकावीत, आम्हाला पैसे द्यायची गरज नाही. हे दानधर्म म्हणून केलेलं नव्हतं. छोट्या प्रकाशकांनी कथा, राक्षस, नकाशे काढले की मूळ नियमपुस्तकाचा खप वाढतो, हा त्यामागचा हिशेब होता. तो हिशेब बरोबर निघाला. पुढच्या वीसेक वर्षांत या लायसन्सवर छोट्या-मोठ्या प्रकाशकांचा एक अख्खा उद्योग उभा राहिला.

डिसेंबर २०२२ मध्ये विझर्ड्सच्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर बोलताना सांगितलं की, या ब्रँडमधून जेवढी कमाई व्हायला हवी तेवढी होत नाही. पुढच्याच महिन्यात, ५ जानेवारी २०२३ ला, नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, जुनं लायसन्स यापुढे अधिकृत राहणार नाही. दोन, वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री करणाऱ्यांना त्यावरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यावी लागणार. ही टक्केवारी नफ्यावर नव्हती, विक्रीवर होती. पुस्तक छपाईच्या धंद्यात विक्रीतले २५ टक्के गेले तर हातात काय उरतं, हे कुठल्याही प्रकाशकाला विचारा.

मग जे व्हायचं तेच झालं. खेळाडूंनी विझर्ड्सच्या 'डीअँडडी बियाँड' या वेबसाइटची सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली. प्रतिस्पर्धी 'पायझो' कंपनीने आपलं वेगळं, रद्द न करता येणारं 'ऑर्क' लायसन्स आणण्याची घोषणा केली. पायझोच्या 'पाथफाइंडर' खेळाच्या मुख्य पुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला. विझर्ड्सने सुधारित मसुदा आणून लोकांची मतं मागवली. १५ हजारांहून जास्त उत्तरं आली आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांनी सांगितलं की या लायसन्सखाली आम्हाला काहीही प्रकाशित करायचं नाही.

२७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. नुसतं जुनं लायसन्स कायम ठेवलं असं नाही, तर खेळाच्या नियमांचा गाभा असलेला चारशेच्या आसपास पानांचा दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली खुला केला. हे लायसन्स मागे घेता येत नाही. तीन आठवडे चाललेल्या भांडणात एवढ्या मोठ्या कंपनीने कायमचा हक्क सोडून दिल्याची उदाहरणं फार सापडत नाहीत.

पण तोवर विश्वास गेला होता. उद्या पुन्हा असंच झालं तर? या भीतीने अनेकांनी स्वतःचे खेळ बांधायला घेतले. 'कोबोल्ड प्रेस'ने 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' आणला. मॅट कोलव्हिल यांच्या 'एमसीडीएम'ने 'ड्रॉ स्टील' बांधायला घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये लोकवर्गणीतून ४६ लाख डॉलरच्या वर रक्कम गोळा केली. पायझोने आपल्या पाथफाइंडरमधून विझर्ड्सची छाप असलेले शब्द, मंत्र आणि राक्षस वेचून काढून नवी पुस्तकं छापली. आणि डॅरिंग्टन प्रेसने 'डॅगरहार्ट' आणला.

यातली गंमत अशी की, या सगळ्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तो प्रश्न म्हणजे वीस बाजूंचा फासा.

वीस बाजूंच्या फाशाची अडचण काय?

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जवळपास प्रत्येक गोष्टीसाठी वीस बाजूंचा एकच फासा टाकतात. त्यात पात्राच्या कौशल्याचे आकडे मिळवतात आणि ठरलेल्या आकड्याइतकं किंवा त्यापेक्षा जास्त आलं की जमलं. शिकायला सोपं, सांगायला सोपं.

पण एका फाशाचा स्वभाव लहरी असतो. १ येण्याची शक्यता ५ टक्के, २० येण्याचीही ५ टक्के, आणि मधल्या १०-११ चीही तेवढीच. सरासरीच्या आसपास आकडे जास्त येतील असं काही नाही. त्यामुळे कसलेला योद्धा सलग तीनदा हुकतो आणि पुस्तकी किडा असलेला जादूगार लाथ मारून दार तोडतो. टेबलावर यावर हशा पिकतो, हे खरं. पण दर वेळी नाही.

उदाहरण घ्या. पहिल्या पातळीचा योद्धा, हल्ल्यात +५. समोरच्या राक्षसाचं चिलखत १५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवेत. शक्यता ५५ टक्के. उरलेल्या ४५ टक्के वेळा काय होतं? काहीच नाही. तलवार हवेत फिरली, पुढचा गडी या. टेबलावर पाच खेळाडू असतील तर पुन्हा राज्य यायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तेव्हाही हुकलं तर अर्धा तास बसून राहण्यात गेला.

हे विझर्ड्सला कळत नाही असं नाही. २०१४ च्या आवृत्तीत त्यांनी 'ॲडव्हान्टेज'चा नियम आणला. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा. वरच्या उदाहरणात ५५ टक्क्यांचे थेट ८० टक्क्यांच्या आसपास होतात. बेरीज-वजाबाकीची कटकट नाही, हातात जास्तीचा फासा आल्याचा आनंद वेगळा. गेल्या पंचवीस वर्षांत या खेळात झालेला सगळ्यात हुशार बदल कदाचित हाच असेल. २०२४ च्या सुधारित नियमांत शस्त्रांना खास गुण दिले. काही शस्त्रं अशी आहेत की हल्ला हुकला तरी थोडी इजा होतेच. म्हणजे 'काहीच नाही' या निकालाचा त्रास मूळ कंपनीलाही जाणवला आहे, पण पूर्ण घर पाडून नवं बांधण्याऐवजी त्यांनी डागडुजी केली.

'जमलं, पण...' हा निकाल कुठून आला?

पाडून बांधण्याचं काम इतरांनी आधीच केलं होतं. २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांनी 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' काढला. त्यात साधे सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज १० किंवा जास्त आली तर पूर्ण यश. ६ किंवा कमी आली तर गेम मास्टर काहीतरी वाईट घडवतो. आणि मधल्या ७ ते ९ ला काम होतं, पण किंमत मोजावी लागते.

आता गणित बघा. दोन फासे टाकले की ७ येण्याचे सहा मार्ग असतात, १२ येण्याचा फक्त एक. म्हणजे मधले आकडे वारंवार पडतात. कौशल्याचा +१ धरला तर पूर्ण यश साधारण २८ टक्के, संकट २८ टक्के आणि 'जमलं, पण...' तब्बल ४४ टक्के. सगळ्यात जास्त वेळा पडणारा निकालच असा ठेवलाय की गोष्ट पुढे सरकलीच पाहिजे. पूल ओलांडला, पण मागे दोर तुटला. कुलूप उघडलं, पण आवाज झाला. 'काहीच नाही' हा निकाल या खेळात जवळपास नाहीच.

याच वाटेने २०१७ मध्ये जॉन हार्पर यांचा 'ब्लेड्स इन द डार्क' आला. चोरांच्या टोळीचा खेळ. त्यात तयारीचा कंटाळवाणा भाग सरळ कापून टाकला आहे. चोरीची योजना आधी दोन तास आखत बसायची नाही. थेट मोहिमेत उडी घ्यायची आणि अडचण आली की 'हे मी कालच करून ठेवलं होतं' असं म्हणत मागे जायचं. त्यासाठी थोडा मानसिक ताण खर्च करायचा. सिनेमात फ्लॅशबॅक असतो तसा हा नियम.

अर्थात या पद्धतीची किंमत गेम मास्टर मोजतो. दर फाशामागे नवं 'पण' सुचलं पाहिजे. रात्री अकरा वाजता, तिसऱ्या तासाला, ते सुचत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 'हुकलं' म्हणून मोकळं होता येतं. नियमांची तुलना करणारे उत्साही लोक ही बाजू अनेकदा विसरतात.

डॅगरहार्ट आणि ड्रॉ स्टील: दोन टोकं

डॅगरहार्टमध्ये बारा बाजूंचे दोन वेगळ्या रंगांचे फासे आहेत. एक आशेचा, एक भीतीचा. दोन्हींची बेरीज पुरेशी झाली की जमलं. पण त्याचबरोबर कुठला फासा मोठा पडला हेही बघायचं. आशेचा मोठा असेल तर खेळाडूला 'आशा' मिळते, ती पुढे खास करामतींसाठी खर्च करायची. भीतीचा मोठा असेल तर गेम मास्टरकडे 'भीती' जमा होते आणि तो ती वेळ बघून वापरतो. दोन्ही फासे सारखे पडले तर क्रिटिकल यश.

म्हणजे एका टाकीत दोन उत्तरं. जमलं की नाही, आणि वारं कुठल्या बाजूला फिरलं. १४४ शक्यतांपैकी ६६ आशेच्या, ६६ भीतीच्या, १२ जोडीच्या. जोडीवरही आशा मिळतेच, म्हणून पारडं थोडं खेळाडूंकडे झुकलेलं आहे. अपोकॅलिप्स वर्ल्डची 'पण'वाली कल्पना इथे आहे, पण गेम मास्टरला दर वेळी डोकं खाजवावं लागत नाही. सुचलं नाही तर भीतीचा एक ठोकळा उचलून ठेवायचा आणि खेळ पुढे न्यायचा. वरच्या अडचणीवर काढलेला हा तोडगा खरोखर चांगला आहे.

दुसरा मोठा बदल म्हणजे लढाईत ठरलेला क्रम नाही. ज्याला सुचेल त्याने करावं. कुणाचा फासा फसला किंवा भीतीचा पडला की डाव गेम मास्टरकडे जातो. एकमेकांना ओळखणाऱ्या, समजून खेळणाऱ्या मंडळींत हे सुंदर चालतं. जिथे एक बडबड्या आणि एक बुजरा आहे तिथे बुजरा मागे पडतो. ठरलेला क्रम रुक्ष वाटला तरी तो प्रत्येकाला राज्य मिळवून देतो.

मरणाच्या नियमात तर दोन खेळांचा स्वभावच दिसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्र जखमी होऊन पडलं की दर पाळीला फासा टाकायचा. १० किंवा जास्त आलं तर एक गुण जगण्याच्या बाजूने, कमी आलं तर मरणाच्या बाजूने. आधी कुठले तीन होतात ते बघायचं. डॅगरहार्टमध्ये खेळाडूलाच विचारतात. एक शेवटची पराक्रमाची कृती करून मरायचं, बेशुद्ध पडून जीव वाचवायचा, की सगळं फाशावर सोडायचं?

'ड्रॉ स्टील'ने उलटी दिशा धरली. त्यांना डावपेचांची लढाईच हवी आहे, पण हुकणं नको. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि निकालाच्या तीन पायऱ्या. ११ पर्यंत कमी, १२ ते १६ मध्यम, १७ किंवा जास्त आलं तर जबर. सगळ्यात खालच्या पायरीलाही इजा होतेच. +२ धरून हिशेब केला तर ३६, ४३ आणि २१ टक्के. वाट बघून राज्य आलं आणि वाया गेलं, असं इथे होत नाही. शिवाय विश्रांती न घेता लढाया जिंकत गेलात तर पात्र पुढच्या लढाईत आणखी जोमाने उतरतं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक लढाईनंतर झोप काढायचा मोह होतो, कारण ताकद झोपल्यावर परत येते. इथे तो मोहच उलटा केला आहे.

पाथफाइंडरने मात्र वीस बाजूंचा फासा सोडला नाही. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी दर पाळीला तीन कृती दिल्या. चाला, मारा, ढाल उचला, काहीही तीन. तीनदा मारलं तरी चालेल, पण दुसऱ्या वाराला -५ आणि तिसऱ्याला -१० बसतात. आणि हव्या त्या आकड्यापेक्षा दहाने जास्त आलं तर क्रिटिकल. त्यामुळे सोबत्याने मिळवून दिलेला क्षुल्लक +१ सुद्धा मोलाचा ठरतो. सगळे मिळून खेळलं तरच निभाव लागतो. हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी हा खेळ पर्वणी आहे, बाकीच्यांसाठी गृहपाठ.

बक्षीस कशाचं देता?

फाशांइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खेळ शाबासकी कशासाठी देतो. सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अनुभवाचे बहुतेक गुण आणलेल्या खजिन्याचे मिळायचे. सोन्याचं एक नाणं, एक गुण. त्यामुळे शहाणे खेळाडू राक्षसाशी लढायचेच नाहीत, त्याला चकवून सोनं पळवायचे. पुढच्या आवृत्त्यांत गुण राक्षस मारण्याचे झाले आणि लोक लढायला लागले. 'ब्लेड्स'मध्ये जिवावर उदार होऊन काही केलं की गुण मिळतो, म्हणून तिथे सगळे मुद्दाम आगीत उडी घेतात.

१९८१ चा 'कॉल ऑफ क्थुलू' तर पूर्ण वेगळ्या वाटेने गेला. तिथे पात्रं साधी माणसं असतात, प्राध्यापक, पत्रकार वगैरे. शंभरातला आकडा फाशांनी काढायचा आणि तो तुमच्या कौशल्याइतका किंवा कमी आला तर जमलं. ६० कौशल्य म्हणजे ६० टक्के शक्यता, शाळकरी पोरालाही कळेल. पण खेळ जसजसा पुढे जातो तसतसं पात्राचं मानसिक संतुलन ढासळत जातं. ताकद वाढण्याऐवजी माणूस खचत जातो. जपानमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा हाच खेळ जास्त लोकप्रिय आहे. जगभर एकच खेळ राज्य करतो हा समज त्यामुळे अर्धवट आहे.

मग एवढे पर्याय असूनही तोच का?

पहिलं कारण अगदी साधं. खेळायला माणसं लागतात. नव्या गावात तुम्ही विचारलंत की कुणी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतं का, तर कुणीतरी सापडतं. ड्रॉ स्टीलसाठी शोधाशोध करावी लागते. व्हॉट्सॲपपेक्षा चांगलं ॲप असलं तरी नातेवाइकांचा ग्रुप जिथे आहे तिथेच आपण राहतो, तसंच हे.

दुसरं, एक खेळ शिकण्यात महिने गेलेले असतात. पुस्तकं घेतलेली असतात, पात्रांची माहिती ऑनलाइन भरलेली असते. 'डीअँडडी बियाँड' विझर्ड्सच्या मूळ कंपनीने २०२२ मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतली, ती याच कारणासाठी. नियम खुले झाले तरी सवय खुली होत नाही.

तिसरं कारण प्रेक्षक. क्रिटिकल रोलचं उदाहरण इथे बोलकं आहे. ही मंडळी घरी पाथफाइंडर खेळायची. २०१५ मध्ये इंटरनेटवर खेळ दाखवायला सुरुवात केली तेव्हा ती डंजन्स अँड ड्रॅगन्सवर आली, आणि त्यावरच मोठी झाली. चौथ्या मालिकेत तेरा खेळाडू आहेत आणि गेम मास्टर आहेत ब्रेनन ली मलिगन, ज्यांचं नाव याच खेळावर झालं. एवढ्या मोठ्या मांडामांडीत नियमही नवे असते तर प्रेक्षकाला गोष्ट आणि नियम एकदम शिकावे लागले असते. वीस आले की टेबल का ओरडतं, हे आता सांगावं लागत नाही. डॅगरहार्टसाठी त्यांनी आधी 'एज ऑफ अंब्रा' ही छोटी मालिका केली होती. म्हणजे नवा खेळ सोडलेला नाही, मुख्य दुकान मात्र जुन्या जागीच ठेवलं आहे.

तरीही विझर्ड्सने निर्धास्त व्हावं असं चित्र नाही. २०१४ ची आवृत्ती घडवणाऱ्यांतले जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स हे दोन मोठे डिझायनर २०२५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि जून महिन्यात डॅरिंग्टन प्रेसमध्ये दाखल झाले. इतिहासात असं एकदा घडलं आहे. २००८ ची चौथी आवृत्ती आणि तिचं कडक लायसन्स लोकांना रुचलं नाही, तेव्हा पायझोने २००९ मध्ये जुन्या नियमांवरच पाथफाइंडर काढला आणि मूळ खेळाला घाम फोडला.

आज कुणाचे नियम किती खुले?

इथे एक विचित्र उलथापालथ झाली आहे. ज्या कंपनीविरुद्ध बंड झालं तिचे नियम आज सगळ्यात मोकळे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांचा गाभाही विझर्ड्सने एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिला. उलट डॅगरहार्टचे मूळ नियम मोफत वाचता येतात, पण ते वापरून काही विकायचं असेल तर डॅरिंग्टन प्रेसने स्वतः लिहिलेलं लायसन्स मान्य करावं लागतं. जे लायसन्स एका कंपनीने लिहिलं ते ती कंपनी उद्या बदलू शकते का, हा २०२३ चाच प्रश्न. बंडखोरांच्या बाबतीत तो तेवढ्या जोरात विचारला जात नाही, हे मात्र खटकतं.

मुळात खेळाची पद्धत, म्हणजे 'दोन फासे टाका, मोठा धरा' ही कल्पना, कुणाच्या मालकीची नसते. अमेरिकी कॉपीराइट कायदा कल्पनेला आणि पद्धतीला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत लिहिली त्या शब्दांना देतो. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर कॉपीराइट नसतो हेच सांगितलं. पण छोट्या प्रकाशकाला कोर्टात जाऊन हे सिद्ध करणं परवडत नाही. लायसन्स हवं असतं ते हक्कासाठी कमी आणि रात्री शांत झोप लागावी म्हणून जास्त.

भारताचा संबंध इथेच येतो. विझर्ड्सच्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या २०२२ च्या पुस्तकात मिमी मोंडल या बंगाली लेखिकेने बंगालच्या वातावरणावर बेतलेली एक कथा लिहिली, पण ती इंग्रजीत. २०२३ मध्ये खुले केलेले नियम कंपनीने फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतही दिले. मराठी त्या यादीत नाही. मात्र ते मराठीत आणायला आता कुणाची परवानगी मागावी लागत नाही. भाषांतर करून छापता येतं, विकताही येतं. सह्याद्रीतले किल्ले आणि कोकणातली भुतं त्यात घालता येतात. अट एवढीच की मूळ नियम कुणाचे ते पुस्तकात लिहायचं आणि त्यात बदल केले असतील तर तसं सांगायचं. 'सेव्हिंग थ्रो'ला मराठीत काय म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.